पाणी बघून ब्राझील : नाशिकहून वर्षावन, पाणथळ आणि पठारं पाहायला निघताना

गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी एकच विचारतो : पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय? कमरेला की गळ्याला? ॲमेझॉनच्या जंगलातल्या मनाउस शहराच्या बंदरातही अशीच एक भिंत आहे. कोणत्या वर्षी रिओ नेग्रो नदी किती चढली, त्याच्या खुणा तिच्यावर आहेत. तिथल्या मोजपट्टीवर जून २०२१ मध्ये पाणी ३० मीटरच्या वर गेलं होतं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये १३ मीटरच्याही खाली उतरलं. साध्या वर्षातसुद्धा पूर आणि उतार यांत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. म्हणजे जूनमध्ये ज्या झाडाच्या शेंड्याला होडी घासत जाते, त्याच झाडाच्या बुंध्याशी नोव्हेंबरात वाळूवर उभं राहता येतं.

म्हणून ब्राझीलची आखणी नकाशा समोर ठेवून करू नका, पाणी बघून करा. देश सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटरचा, भारताच्या अडीचपट. वर्षावन हा त्याचा एक भाग. त्याशिवाय पांतानालची पाणथळ, सेराडोची गवताळ पठारं, ईशान्येचा काटेरी काटिंगा, किनाऱ्यालगतचं अटलांटिक जंगल आणि दक्षिणेची पाम्पा कुरणं, असे एकूण सहा निसर्गप्रदेश. सगळे एका फेरीत पाहू म्हणणारा माणूस विमानतळच जास्त पाहतो. बारा दिवस असतील तर दोन प्रदेश, वीस दिवस असतील तर तीन, फार तर चार.

महिना आधी, ठिकाण नंतर

नाशिकहून जाणाऱ्यासाठी साधारण १० जुलै ते २० ऑगस्ट हा काळ सगळ्यात सोयीचा. मनाउसला पूर ओसरू लागलेला असतो, पण पाण्यात उभ्या जंगलातून होडी अजून जाते. पांतानाल कोरडं पडू लागतं आणि प्राणी उरलेल्या पाण्याशी गोळा होतात. ईशान्येच्या लेन्सोइस मारान्येन्सेसच्या वाळूच्या टेकड्यांमधली तळी भरलेली असतात. सेराडोत पाऊस नसतो. द्राक्षबागायतदारांना तर हा काळ आणखी बरा पडतो : एप्रिलची खरड छाटणी उरकलेली, ऑक्टोबर छाटणी लांब. फवारण्या बघणारं कुणी घरी असलं म्हणजे झालं. एक अडचण आहे. जुलैत तिकडेही शाळांना सुट्टी असते, त्यामुळे लेन्सोइस आणि इग्वासूच्या धबधब्यांना गर्दी होते. आरक्षण मार्च-एप्रिलमध्ये करून टाका.

दिवाळीच्या सुट्टीत जायचंच असेल तर हिशेब बदलतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मनाउसला पाणी तळाला असतं. होडीऐवजी पायवाटा, नदीकाठची वाळू, डबक्यांत अडकलेले मासे आणि त्यांच्यावर टपलेल्या मगरी असं वेगळंच जंगल दिसतं. पण दुष्काळी वर्ष असलं तर काही निवासांपर्यंत होडी पोहोचतच नाही. पैसे भरण्याआधी विचारून घ्या : पाणी फार उतरलं तर नेणार कसं, आणि नेता आलं नाही तर पैसे परत मिळणार का? लेन्सोइसची बरीच तळी तोवर आटलेली असतात, ते नाव यादीतून काढा. डिसेंबर ते मार्च पांतानालच्या रस्त्यांवर पाणी चढतं. नाताळच्या सुट्टीत जग्वार पाहायला निघणारे इथेच फसतात.

कागदपत्रं आणि लस

भारतीय पासपोर्टवर ब्राझीलचा व्हिसा आधीच काढावा लागतो. महाराष्ट्रातल्या अर्जदारांसाठी मुंबईचा वाणिज्य दूतावास आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने ज्यांनी आयकर विवरणपत्र कधी भरलेलंच नाही त्यांनी सातबारा, बँकेचे सहा महिन्यांचे उतारे आणि मालविक्रीच्या पावत्या इंग्रजी भाषांतरासह तयार ठेवाव्यात. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम उलट शंका निर्माण करते. इग्वासूला अर्जेंटिनाची बाजूही पाहायची असेल तर त्या देशाचा व्हिसा वेगळा, आणि ब्राझीलच्या व्हिसावर पुन्हा प्रवेश करता येतो ना, हे तपासा.

पिवळ्या तापाची लस जास्त महत्त्वाची. ब्राझीलमध्ये हा रोग आहे. भारतात तो नाही, पण तो पसरवणारा डास आपल्याकडे भरपूर आहे. त्यामुळे तिकडून परतणाऱ्याकडे लशीचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते. मुंबई आणि पुण्यात अशी केंद्रं आहेत. एक कुपी फोडली की तिच्यातून अनेकांना लस द्यावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारी आणि नोंदणी करूनच बोलावतात. निघण्याच्या दोन महिने आधी हे काम संपवा, पासपोर्ट बरोबर न्या. लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते आणि अंड्यात वाढवलेली असते. त्यामुळे अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण, साठीच्या वरचं वय किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. हिवतापाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा. त्या लागतात की नाही हे ॲमेझॉनच्या कोणत्या भागात जाणार यावर ठरतं.

विमानं

मुंबईहून ब्राझीलला थेट विमान नाही. अदिस अबाबा, दुबई किंवा दोहामार्गे साओ पावलो हा सरळ रस्ता. युरोपमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तर त्या विमानतळासाठी ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते आधी पाहा. कसाऱ्याचा घाट उतरा नाहीतर इगतपुरीहून समृद्धी धरा, मुंबईजवळची कोंडी धरून विमानतळावर तीन तास आधी पोहोचण्याचा हिशेब ठेवा. २०२७ च्या ऑगस्टमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. तेव्हा एक दिवस आधीच मुंबई गाठलेली बरी.

साओ पावलोला उतरल्यावर इमिग्रेशन आणि कस्टम तिथेच होतं. पुढचं तिकीट मनाउसचं असलं तरी सामान पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यावं लागतं. मधे किमान चार तास ठेवा. शहरात दोन मोठे विमानतळ आहेत : परदेशी विमानं ग्वारुल्योसला येतात, देशांतर्गत बरीच विमानं काँगोन्यासहून सुटतात. तिकीट काढताना हे नाव न वाचणारे दोन तास रहदारीत घालवतात आणि विमान चुकवतात. सगळ्यात बरं म्हणजे पहिली रात्र ग्वारुल्योसजवळ काढा. ब्राझिलिया आणि साओ पावलो आपल्या साडेआठ तास मागे, मनाउस आणि पांतानालच्या वाटेवरचं कुयाबा साडेनऊ तास मागे, तेवढं अंगालाही पचवावं लागतं.

मनाउस : निवास निवडताना पाण्याचा रंग विचारा

साओ पावलोहून मनाउस विमानाने चार तास. रस्त्याने जायचा विचार सोडा. पोर्तो वेल्योकडून येणाऱ्या महामार्गाचा मधला मोठा पट्टा कच्चा आहे. शहराखाली रिओ नेग्रोचं काळं पाणी आणि सोलिमोइस नदीचं गढूळ पाणी सुमारे सहा किलोमीटर शेजारी-शेजारी वाहतं, मिसळत नाही. कारण दोघांचा वेग, तापमान आणि घनता वेगळी. हे अर्ध्या दिवसाचं काम. खरी निवड पुढे आहे : रात्री कोणत्या पाण्यावर काढायच्या?

काळ्या पाण्याला रंग येतो कुजलेल्या पानांचा, कोऱ्या चहासारखा. हे पाणी आम्लधर्मी आणि क्षार कमी असलेलं, त्यामुळे डास कमी होतात. पण अन्नही कमी, म्हणून प्राणीही तुलनेने विरळ. त्यात बुडणाऱ्या जंगलाला इगापो म्हणतात. गढूळ पाणी अँडीजवरून गाळ घेऊन येतं. त्याच्या काठचं वारझेया जंगल सुपीक; मासे, पक्षी, माकडं भरपूर आणि डासही भरपूर. लहान मुलं किंवा डासांनी हैराण होणारी माणसं बरोबर असतील तर रिओ नेग्रोचा काठ घ्या. नोवो एराऊंजवळचा अनाविल्यानास हा शेकडो बेटांचा समूह मनाउसहून पक्क्या रस्त्याने जवळपास १८० किलोमीटर आहे. पक्षी आणि माकडं हाच ध्यास असेल तर तेफेजवळच्या मामिराउआसारख्या वारझेया राखीव क्षेत्राकडे बघा. लाल तोंडाचं पांढरं उआकारी माकड तिथलंच. तिथे जाणं महाग आणि वेळखाऊ आहे, पण पैसे वसूल होतात.

दोन रात्रींचं पॅकेज घेऊ नका. जाण्यायेण्यात एकेक अर्धा दिवस जातो, हाती एकच पूर्ण दिवस उरतो आणि तो पावसाने खाल्ला की संपलं. कमीत कमी तीन रात्री, जमल्यास चार. पैसे भरण्याआधी एवढं लेखी मागा : मनाउसहून किती तास आणि कशाने, एका वाटाड्यामागे माणसं किती (आठच्या वर नको), वाटाड्या इंग्रजी बोलतो का, तुमच्या महिन्यात होडी फिरते की पायी, आणि कादास्तुर क्रमांक. कादास्तुर म्हणजे ब्राझीलच्या पर्यटन मंत्रालयाची नोंदणी. वाटाडे आणि सहल कंपन्या दोघांनाही ती लागते. विमानतळावर किंवा धक्क्यावर गाठून 'आत्ताच निघू' म्हणणाऱ्याला हा क्रमांक विचारला की बहुतेक वेळा तो गर्दीत मिसळून जातो.

काय दिसेल याचा अंदाज आधीच नीट असू द्या. वर्षावनातले बहुतेक प्राणी तीस-चाळीस मीटर उंचीवर, पानांच्या छपरात राहतात. ॲमेझॉनमध्ये जग्वार दिसेल म्हणून जाऊ नका, तो पांतानालचा विषय. इथे ८ बाय ४२ ची दुर्बीण आणि धीर, या दोनच गोष्टी चालतात. विषुववृत्त जवळ, म्हणून सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो. पहिली फेरी पहाटे साडेपाचला काढा; दुपारी बारा ते तीन जंगलही झोपतं, तुम्हीही झोपा. पूरमैदानात सामाउमा नावाचा अजस्र वृक्ष दाखवतील. ती आपली पांढरी सावरच, फक्त तिथे तिचे फळ्यांसारखे आधारमुळांचे पाखे माणसापेक्षा उंच वाढतात.

जंगलात चालताना हात कुठेही टेकवायचा नाही, हा पहिला नियम. सह्याद्रीत घसरलं की झाडाला धरायची सवय असते, इथे तीच नडते. कित्येक ताडांच्या खोडांना सुईसारखे काटे असतात, आणि खोडावरून फिरणारी तुकान्देइरा ही इंचभर लांबीची मुंगी चावली तर वेदना चोवीस तास टिकू शकते. घसरलात तर बसून घ्या. बूट घालण्याआधी उलटे करून झटका. उथळ वाळूत पाण्यात उतरताना पाय उचलून टाकू नका, फरपटत न्या. तळाशी पाकट मासा पडलेला असतो. पायाचा धक्का लागला तर तो निघून जातो, अंगावर पाय पडला तर नांगी मारतो. पिरान्यांची भीती जेवढी सांगितली जाते तेवढी नाही, पण आटत्या डबक्यात उतरू नका. स्लॉथ किंवा मगरीचं पिल्लू हातात देऊन फोटो काढू देणारी जागा टाळा. तो प्राणी फोटोपुरता पकडून ठेवलेला असतो.

वेळ हाताशी असेल तर मनाउसहून सान्तारेंपर्यंत प्रवासी बोटीने जा. कापडी झोपाळा टांगून झोपायचं असतं, तिकडे त्याला 'हेजी' म्हणतात. तो आणि दोन दोऱ्या मनाउसच्या बाजारात घ्या. बोट सुटायच्या तीन-चार तास आधी चढून जागा धरा, इंजिन आणि संडास या दोन्हींपासून लांब. खाली जाणारी बोट नदीच्या मधोमध, धारेच्या वेगाने जाते, काठ दूर राहतो. वर येणारी बोट धार टाळण्यासाठी काठ धरते; वेळ जास्त लागतो, पण जंगल जवळून दिसतं.

पांतानाल

कुयाबा विमानतळ, तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर पोकोने गाव, आणि पोकोनेहून दक्षिणेला सुमारे १४५ किलोमीटरचा ट्रान्सपांतानेइरा हा मातीचा रस्ता. त्यावर शंभराहून जास्त पूल, पूर्वी बरेचसे लाकडी. रस्ता पोर्तो जोफ्रीला नदीकाठी संपतो. ही जमीन इतकी सपाट आहे की उतार किलोमीटरला काही सेंटिमीटरच भरतो. पावसाचं पाणी पुढे सरकायला महिने घेतं, आणि याच संथपणामुळे ही पाणथळ टिकून आहे.

पेट्रोल पोकोनेतच पूर्ण भरा. स्वतः गाडी चालवण्यापेक्षा वाटाड्यासह गाडी घ्या, कारण निम्मं पाहणं रस्त्यावरच होतं : पुलांखालच्या कैमन मगरी, कापिबारा नावाचे मोठे कुरतडे प्राणी, लाल गळ्याचा जाबिरू करकोचा, जांभळट निळे मकाव पोपट. वाटेतल्या फाझेंदांवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या वाड्यांवर, दोन रात्री आणि पोर्तो जोफ्रीला तीन रात्री ही वाटणी बरी. जग्वारसाठी तीन पूर्ण दिवस होडीत बसायची तयारी ठेवा. एका दिवसात दिसला तर नशीब, पण एका दिवसाचं तिकीट काढून नशिबावर हवाला टाकू नये. काठावर ऊन खात बसलेले कैमन आणि कापिबारा ही त्याची शिकार, म्हणून तोही काठावर येतो. ऑगस्ट-सप्टेंबर सगळ्यात खात्रीचा. सप्टेंबरअखेर पारा चाळिशीला टेकतो आणि आगींचा धूर असू शकतो. २०२० मध्ये या प्रदेशाचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग जळाला होता.

एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक जण विसरतो, ती म्हणजे गरम कपडे. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून थंड हवेची लाट येते. मधे आडवा डोंगर नसल्याने ती थेट वर सरकते आणि चाळीस तासांत तापमान तिशीतून दहा-बारा अंशांवर येऊ शकतं. पहाटे सहाला वेगाने जाणाऱ्या उघड्या होडीत निफाडची जानेवारीतली पहाट आठवेल. एक जाकीट, कानटोपी, बास.

दक्षिणेला बोनितोच्या चुनखडीच्या नद्या आहेत, काचेसारख्या स्वच्छ. तिथे प्रत्येक ठिकाणी रोज ठरावीक माणसंच सोडतात आणि प्रवेश स्थानिक एजन्सीच्या व्हाउचरवरच मिळतो. पाण्यात उतरण्याआधी सनस्क्रीन आणि डासांचं मलम लावायला मनाई असते. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट न्या.

बाकीचं, थोडक्यात

सेराडोसाठी ब्राझिलियाहून सुमारे २३० किलोमीटरवर शापादा दोस वेआदेइरोस. पठारं, धबधबे, पायवाटा; ट्रेक करणाऱ्या नाशिककराला घरच्यासारखं वाटेल. धोकाही घरचाच : डोक्यावर ऊन असतानाही वर कुठेतरी पाऊस झाला की कुंडात अचानक लोंढा येतो. पाणी गढुळलं किंवा पालापाचोळा वाहू लागला की तत्क्षणी बाहेर. जुलैत हा धोका जवळजवळ नसतो.

लेन्सोइसला साओ लुईसहून बारेइरिन्यास, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. वाळू वाळवंटासारखी, पाऊस मात्र भरपूर; त्याच पावसाची तळी. २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, तेव्हापासून गर्दी वाढतीच.

इग्वासूला ब्राझीलच्या बाजूने अर्धा दिवस पुरतो, अर्जेंटिनाच्या बाजूला पूर्ण दिवस. सुमारे २७५ धारा, सर्वांत उंच ८० मीटरच्या वर. पाणी ज्या पायऱ्यांवरून कोसळतं तो दगड ब्रह्मगिरी-अंजनेरीसारखाच लाव्हाच्या थरांचा बेसाल्ट, फक्त आपल्यापेक्षा दुप्पट जुना : तिथला साडेतेरा कोटी वर्षांचा, इथला साडेसहा कोटी. वाटेवर क्वाती नावाचे लांब शेपटीचे प्राणी हातातलं खाणं ओढतात. सप्तशृंगीच्या माकडांशी जसं वागता तसंच वागा.

रिओला गेलात तर तिजुकाचं जंगल चुकवू नका. कॉफीच्या मळ्यांसाठी तोडलेले डोंगर, शहराचं पाणी आटलं म्हणून १८६१ पासून पुन्हा झाडं लावून उभे केलेले.

शाकाहारी माणसाचं काय

'सेंग कार्नी', म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही. तिकडे कार्नी म्हटलं की बहुतेकांच्या मनात गाय-बैल येतो. कोंबडी आणि हॅम त्यात मोजत नाहीत. पूर्ण यादी म्हणा : सेंग कार्नी, सेंग फ्रांगु, सेंग पेइशी, सेंग प्रेझुन्तु. फेइजाऊं, म्हणजे घेवड्याची आमटी, बहुधा डुकराच्या तुकड्यांत शिजलेली असते आणि फारोफा या भाजक्या पिठातही बेकन असू शकतं, दोन्ही विचारून घ्या. पाऊं जि केइजु या चीजच्या गोळ्यांत अंडं असतं. बिनधास्त खायचा पदार्थ म्हणजे तापिओका : मानिओक कंदाच्या सत्त्वाचं घावन, नारळ किंवा चीज घालून. एकादशीचा साबुदाणा होतो तोच हा कंद, आणि तो मूळचा तिकडचाच. शहरांत वजनावर ताट विकणारी उपाहारगृहं शोधा. जे दिसतं तेच घ्यायचं असल्याने भाषा अडत नाही. जंगलातल्या निवासाला मात्र पंधरा दिवस आधी लिहून कळवा, कारण तिथला किराणा होडीने येतो.

घरून भाजकं, कोरडं, हवाबंद न्या : चिवडा, खाकरा, मेतकूट. ताजी फळं, बियाणं, घरचं तूप किंवा पेढे नेऊ नका; कस्टमवर काढून घेतात. विजेची किटली नेत असाल तर लक्षात घ्या की मनाउससह बऱ्याच शहरांत दाब १२७ व्होल्ट असतो. आपल्या २३० व्होल्टच्या किटलीला तिथे तिच्या क्षमतेच्या जेमतेम तीस टक्के ताकद मिळते. ती बिघडलेली नसते, पाणी उकळायला तिपटीहून जास्त वेळ लागतो.

पैशांसाठी फॉरेक्स कार्ड चालतं, पण होडीवाला आणि छोटी गावं यांच्यासाठी रोख रेआल, म्हणजे तिथलं चलन, हवेत. तिकडचं पिक्स हे आपल्या यूपीआयसारखं असलं तरी त्याला स्थानिक बँक खातं लागतं. बसची आणि काही विमानांची संकेतस्थळं सीपीएफ हा तिथला करक्रमांक मागून अडतात. तिकीट एजन्सीकडून काढा.

सामानात सुती कपडे कमी, लवकर वाळणारे जास्त, फिकट रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे. डासांसाठी २० ते ३० टक्के डीट किंवा इकारिडिन असलेलं मलम. पाठपिशवीच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, पावसाळी ट्रेकला वापरता तशीच. कॅमेरा वातानुकूलित खोलीतून थेट बाहेर काढला की भिंगाच्या आत बाष्प धरतं. रात्री तो पिशवीत बंद ठेवा आणि बाहेर आल्यावर अर्ध्या तासाने उघडा.

परतताना बागायतदारांना एक मोह होतो. काटिंग्यात पेत्रोलिनाच्या आसपास साओ फ्रान्सिस्को नदीच्या पाण्यावर वर्षाला दोनदा द्राक्षं काढतात. तिकडची एखादी काडी बॅगेत टाकावीशी वाटते. टाकू नका. परवान्याशिवाय रोप, काडी किंवा बी आणायला बंदी आहे, आणि तिच्याबरोबर येणारा रोग शेजाऱ्याच्या बागेतही जातो. पिवळ्या तापाचं कार्ड मोठ्या बॅगेत नको, पासपोर्टलाच लावून ठेवा. मुंबईत ते इमिग्रेशनच्याही आधी, आरोग्य विभागाच्या टेबलावर मागतात.